पाठ चौदावा : अंगणातली भूमिती

भूमी म्हणजे जमीन. मिती म्हणजे माप. हे दोन शब्द जोडले की भूमिती हा शब्द होतो. भूमिती म्हणजे जमीन मोजण्याची विद्या.

आता सांगा, जमीन कोण कसतो? शेतकरी. घराचा पाया कोण आखतो? गवंडी. मांडवाची कैची कोण बसवतो? सुतार. अंगणात ठिपक्यांची रांगोळी कोण काढते? घरची बाई. म्हणजे भूमिती ही तुमची आमची विद्या आहे. ती हातांना येते. फक्त तिची शाळेतली नावे आपल्याला ठाऊक नसतात.

आणि तिथेच घोटाळा होतो. मुलगी पाचवी-सहावीत जाते. पुस्तकात काटकोन, कर्ण, त्रिज्या असे शब्द येतात. ती घाबरते. घरी येऊन म्हणते, "मला नाही कळत भूमिती. मला डोकंच नाही." आईबाप म्हणतात, "आम्ही कुठं शिकलो? आम्ही काय सांगणार?" आणि मुलगी गणितात मागे पडते. पुढे शाळाच नको म्हणते.

असे होऊ देऊ नका. या पाठात जे दिले आहे ते आधी स्वतः करा. मग मुलांकडून करवून घ्या. सामान थोडे लागते. एक दोरी, चार काठ्या, एक कागद, खडू किंवा कोळसा. बाकी सारे अंगणातच आहे.

१. सरळ रेघ

गवंडी भिंत धरतो तेव्हा आधी काय करतो? दोन टोकांना दोन खुंट्या मारतो. त्यांना सूत ताणून बांधतो. मग त्या सुताला धरून जांभ्याचे चिरे लावतो. सूत ढिले असेल तर भिंत वाकडी होते. ताणलेले सूत म्हणजेच सरळ रेघ. शाळेत तिला रेषा म्हणतात. खुंटी जिथे मारली ती जागा म्हणजे बिंदू.

दोन खुंट्यांमध्ये सरळ सूत एकच बसते. दुसरे सरळ सूत ताणून पाहा. ते पहिल्यावरच येऊन पडेल. हा भूमितीचा पहिला नियम झाला.

आता ओळंबा घ्या. दोरीला वजन बांधले की ओळंबा झाला. तो लोंबतो ती उभी रेघ. पाणसळीत जी दिसते ती आडवी रेघ. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरा. दोन्ही टोके वर धरा. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबते. त्या दोन खुणा जोडल्या की आडवी रेघ मिळाली.

२. काटकोन

उभी रेघ आणि आडवी रेघ जिथे मिळतात तिथे कोपरा होतो. हा कोपरा म्हणजे काटकोन. गवंड्याजवळ लोखंडी गुण्या असतो. गुण्याचा कोपरा काटकोनाचा असतो. दारे, खिडक्या, पाटी, पुस्तक, सगळ्यांचे कोपरे काटकोनाचे.

शाळेत काटकोनाचे ९० भाग करतात. एका भागाला अंश म्हणतात. काटकोनापेक्षा लहान कोपरा तो लघुकोन. मोठा कोपरा तो विशालकोन. कोयता अर्धवट वाकवल्यासारखा जो कोपरा दिसतो तो लघुकोन. आरामखुर्चीची पाठ आणि बैठक यांत जो पसरट कोपरा असतो तो विशालकोन.

गुण्या लहान असतो. घराचा पाया मोठा असतो. वीस फूट लांब भिंतीला गुण्याने काटकोन साधत नाही. केसभर चूक शेवटी वीतभर होते. मग गवंडी काय करतो? तो दोरीने तीन-चार-पाच करतो.

कसे ते पाहा. लांब दोरी घ्या. तिच्यावर सारख्या अंतरावर गाठी मारा. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत एक हात. असे बारा हात मोजा आणि दोन्ही टोके एकत्र बांधा. आता तिघे जण उभे राहा. एकाने जोडाची गाठ धरावी. दुसऱ्याने तिथून तीन हातांवरची गाठ धरावी. तिसऱ्याने त्याच्यापुढे चार हातांवरची गाठ धरावी. उरलेली दोरी पाच हात. तिघांनी दोरी ताणावी. दुसरा माणूस जिथे उभा आहे तिथे बरोबर काटकोन होतो. गुण्या लावून पाहा.

असे का होते? तीन त्रिक नऊ. चार चोक सोळा. नऊ आणि सोळा पंचवीस. आणि पाच पाचे पंचवीस. दोन लहान बाजूंचे वर्ग मिळून मोठ्या बाजूच्या वर्गाएवढे झाले. असे जमले की समोरचा कोपरा काटकोनच असतो. समोरच्या त्या मोठ्या बाजूला शाळेत कर्ण म्हणतात. मुलांच्या पुस्तकात या नियमाला पायथागोरसचे नाव आहे. पण हाच नियम आपल्या देशातही फार जुना आहे. यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी बौधायनाने शुल्बसूत्रे लिहिली. त्यांत हा नियम सांगितला आहे. त्याला अडीच हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. शुल्ब म्हणजे दोरी. म्हणजे त्या काळीही भूमिती दोरीनेच चालत होती.

३. चार बाजू सारख्या, तरी जमीन कमी

आता नीट ध्यान द्या. ही गोष्ट पैशाची आहे.

जुनी मोजणीची साखळी ३३ फूट लांब असे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशी चौरस जमीन म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९. म्हणून एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

समजा, तुम्ही घरासाठी एक गुंठा जागा घेता आहात. विकणारा फीत लावून दाखवतो. पहिली बाजू ३३ फूट. दुसरी ३३. तिसरी ३३. चौथीही ३३. तो म्हणतो, "बघा दादा, पुरा गुंठा आहे. चारही बाजू तुमच्या डोळ्यांसमोर मोजल्या."

त्यावर विश्वास ठेवायचा का? नाही. अजून दोन मापे राहिली आहेत.

चार सारख्या काठ्या घ्या. त्यांची टोके सुतळीने बांधून चौकट करा. चौकट जमिनीवर ठेवा. आता एक कोपरा हाताने ढकला. चौकट कलते. कोपरे कलंडतात. काठ्यांची लांबी बदलली का? नाही. पण आतली जागा कमी झाली. आणखी ढकला. आणखी कमी. शेवटी काठ्या काठ्यांना चिकटतात. चारही बाजू तशाच, आत मात्र मुंगीलाही जागा नाही!

म्हणून चार बाजू मोजून भागत नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले अंतरही मोजायचे. एका कोपऱ्यापासून त्याच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत फीत धरा. मग दुसरी जोडी मोजा. हे दोन कर्ण. चारही बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, तरच जागा चौरस. ३३ फुटांच्या चौरसात प्रत्येक कर्ण सुमारे ४६ फूट ८ इंच भरतो.

समजा, त्या जागेचा एक कर्ण ६० फूट निघाला आणि दुसरा साडेसत्तावीस फूट. मग जागा किती? अशा कललेल्या चौकोनात दोन कर्णांचा गुणाकार करायचा आणि निम्मा घ्यायचा. ६० गुणिले २७॥ म्हणजे १,६५०. त्याचे निम्मे ८२५. गुंठ्याला हवेत १,०८९ चौरस फूट. मिळाले ८२५. पैसे गुंठ्याचे दिले, हाती आली जेमतेम पाऊण गुंठा! दोन वेळा फीत धरली असती तर हे आधीच कळले असते.

घराचा पाया आखतानाही हेच करा. चारही खुंट्या मारल्या की दोन्ही कर्ण मोजा. लांबट घर असले तरी चालते. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे पाया काटकोनात आहे. जोते बांधून झाल्यावर चूक कळली तर चिरे काढावे लागतात.

४. फेरी सारखी, जमीन वेगळी

काही जण म्हणतात, "कर्ण कशाला? दोन्ही तुकड्यांभोवती चालून या. फेरी सारखी भरली म्हणजे अदलाबदल बरोबरीची."

हेही खरे नाही. एक खाचर ३० पावले लांब, ३० पावले रुंद. भोवती फेरी १२० पावलांची. दुसरे खाचर ५० पावले लांब आणि १० पावले रुंद. त्याचीही फेरी १२० पावलांची. पण पहिल्यात जागा किती? ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० चौरस पावले. दुसऱ्यात ५० गुणिले १०, म्हणजे ५००. जवळजवळ निम्मी!

फेरीला शाळेत परिमिती म्हणतात. आतल्या जागेला क्षेत्रफळ म्हणतात. गडगा घालायला चिरे किती लागतील ते परिमिती सांगते. भात किती लावता येईल ते क्षेत्रफळ सांगते. जमीन घेताना, देताना, वाटणी करताना क्षेत्रफळ पाहावे. परिमितीला भुलू नये.

५. वेडीवाकडी जमीन कशी मोजावी?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात सपाट, चौरस जमीन थोडी. डोंगरउतार फार. खाचरे वाकडी-तिकडी. चार बाजू चार मापांच्या. मग काय करायचे?

त्रिकोण करायचे. तीन बाजूंची आकृती ती त्रिकोण. कुठलाही चौकोन एका कर्णाने कापला की दोन त्रिकोण होतात.

आधी एक कागद घ्या. तो आडव्या कर्णावर घडी घालून कापा. दोन त्रिकोण झाले. एकावर एक ठेवा. बरोबर बसतात. म्हणजे त्रिकोण हा लांबी-रुंदीच्या चौकोनाचा निम्मा असतो. म्हणून त्रिकोणाचा पाया आणि उंची यांचा गुणाकार करायचा आणि निम्मा घ्यायचा. उंची पायाशी काटकोनात मोजायची, तिरपी नाही.

समजा, तुमच्या तुकड्याचा कर्ण ८० फूट आहे. त्याच्या एका बाजूचा कोपरा कर्णापासून ३० फूट दूर आहे. दुसऱ्या बाजूचा कोपरा २४ फूट दूर आहे.

पहिला त्रिकोण : ८० गुणिले ३० म्हणजे २,४००. निम्मे १,२००.
दुसरा त्रिकोण : ८० गुणिले २४ म्हणजे १,९२०. निम्मे ९६०.
दोन्ही मिळून २,१६० चौरस फूट.

दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. तुमचा तुकडा दोन गुंठ्यांना अवघा १८ चौरस फूट कमी.

एक गोष्ट विसरू नका. उतारावर फीत जमिनीला चिकटवून धरू नये. ती आडवी ताणून धरावी. खालच्या टोकाला ओळंबा सोडावा आणि तो जिथे टेकेल तिथे खूण करावी. मोजणीत सपाट अंतर धरतात. उतारावरून मोजले तर आकडा जास्त येतो.

सातबाऱ्यावर आता एकर-गुंठे नसतात. तिथे हेक्टर आणि आर असतात. १० मीटर लांब, १० मीटर रुंद जागा म्हणजे एक आर. १०० आर म्हणजे एक हेक्टर. एक आर आणि एक गुंठा जवळजवळ सारखे. गुंठा किंचित मोठा. एक हेक्टर म्हणजे अडीच एकराला थोडे कमी.

आपण केलेली मोजणी आपल्या माहितीसाठी. तंट्यात ती चालत नाही. तिथे भूमी अभिलेख खात्याचीच मोजणी लागते. पण आपल्याला हिशेब येत असला की समोर मांडलेला नकाशा वाचता येतो. चार प्रश्न विचारता येतात. न समजता अंगठा उमटवायची किंवा सही ठोकायची पाळी येत नाही.

६. हापूसची कलमे आणि काटकोन

कलमांची लागवड ही तर भूमितीच आहे. हापूसची कलमे साधारणपणे १० मीटर अंतरावर लावतात. ओळीत १० मीटर आणि दोन ओळींतही १० मीटर. म्हणजे एका कलमाला एक आर जागा. एका हेक्टरात १०० कलमे.

पहिली ओळ सूत ताणून आखा. तिच्या टोकाला तीन-चार-पाच करून काटकोन धरा. मग दुसरी बाजू आखा. काटकोन चुकला तर पहिल्या ओळी ठीक दिसतात. पुढे ओळी तिरप्या होतात, कडेला कलमे बसत नाहीत. कलम पन्नास वर्षे उभे राहणार. ते पुन्हा उचलता येत नाही. दोरी मात्र पाच मिनिटांत उचलता येते.

सारख्या अंतराने जाणाऱ्या दोन ओळी कधी एकमेकींना भेटत नाहीत. शाळेत त्यांना समांतर रेषा म्हणतात.

७. गोल

अंगणात खुंटी मारा. तिला दोरी बांधा. दोरीच्या टोकाला कोळसा धरून फिरा. गोल झाला. हे वर्तुळ. खुंटीची जागा म्हणजे केंद्र. दोरी म्हणजे त्रिज्या. केंद्रातून आरपार जाणारी रेघ म्हणजे व्यास. व्यास त्रिज्येच्या दुप्पट.

बांगडीभोवती दोरा गुंडाळा. तो दोरा सरळ करून बांगडीच्या व्यासाने मोजा. तीन वेळा बसतो आणि थोडा उरतो. आता परातीचे करा. चाकाचे करा. विहिरीचे करा. दर वेळी तीन वेळा आणि थोडा. जगातले कुठलेही वर्तुळ घ्या, हेच होते. व्यास ७ हात असला तर घेर सुमारे २२ हात. विहीर १४ हात रुंद असली तर कठड्याचा घेर सुमारे ४४ हात.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये हे माप फार बारकाईने सांगितले. व्यास २०,००० असेल तर घेर ६२,८३२. पुढे भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी कामचलाऊ माप २२ भागिले ७ असे दिले. मुलांच्या पुस्तकात आजही हेच माप आहे.

८. माडाची उंची जमिनीवरून

माडावर न चढता त्याची उंची सांगता येते. उन्हात चार हातांची काठी उभी करा. तिची सावली मोजा. समजा ती तीन हात आहे. लगेच माडाची सावली मोजा. समजा ती तीस हात आहे. काठीच्या सावलीच्या दहापट. मग माडही काठीच्या दहापट. चार दाहे चाळीस. माड चाळीस हात उंच.

काठी आणि तिची सावली हा एक लहान त्रिकोण. माड आणि त्याची सावली हा मोठा त्रिकोण. दोघांचा आकार एक, माप वेगळे. शाळेत त्यांना समरूप त्रिकोण म्हणतात.

९. मुलांना कसे सांगावे?

सांगू नका, विचारा. आधी हाताने करवा. शब्द मागून द्या. एक आई रांगोळी काढताना मुलीशी कशी बोलेल ते वाचा.

"या दोन रेघांमधे इकडं किती ठिपके गो?"
"चार."
"आणि त्या टोकाला?"
"तिकडं पण चारच."
"मग या रेघा पुढं कुठं भेटतील?"
मुलगी थोडा वेळ बघते. "भेटायच्याच नाहीत! अंतर कमीच होत नाही."
"मग शाळेत बाईंना विचार, अशा रेघांना काय म्हणतात ते."
"विचारायला कशाला पाहिजे? समांतर! म्हणजे ते हेच होय?"

मुलीला शब्द आधी पाठ होता. त्याचा अर्थ आज सापडला. आईने व्याख्या सांगितली नाही. तिने फक्त ठिपके मोजायला लावले. मुलाचे उत्तर चुकले तर रागावू नका. पुन्हा मोजायला लावा. दोरी खोटे बोलत नाही.

१०. आपल्याच मातीतली माणसे

काही जण म्हणतात, गणित ही शहरातल्या हुशार मुलांची विद्या. हे खरे नाही.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. त्यांनी त्रिकोणमितीवर पुस्तक लिहिले होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवली गावी झाला. त्यांचे बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गरिबीत गेले. हेच कर्वे पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. स्त्रियांच्या शिक्षणासाठी तर त्यांनी आयुष्य वेचले. ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षांचे होते!

दापोली तालुक्यातच मुर्डी नावाचे लहान गाव आहे. तिथे १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. ते विलायतेला केंब्रिजला गेले. तिथल्या गणिताच्या मोठ्या परीक्षेत १८९९ साली ते पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

मुर्डी काही मोठे शहर नव्हे. तिथेही मुले अंगणातच खेळत होती. तुमच्या वाडीतल्या मुलामुलींनाही डोके आहे. त्यांना दोरी द्या आणि वेळ द्या.

आता हे करा

१. दोरीला बारा हातांच्या गाठी मारा. तिघांनी मिळून काटकोन करा.
२. आपल्या घराच्या पडवीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आहेत का?
३. एक खाचर ४० पावले लांब, २० पावले रुंद आहे. त्याची परिमिती किती? क्षेत्रफळ किती?
४. व्यास २१ हात असलेल्या विहिरीचा घेर सुमारे किती?
५. चार काठ्यांची चौकट हलते. तिला कर्णावर पाचवी काठी बांधा. आता हलते का? फाटकाला तिरपी पट्टी का मारतात ते मुलांना विचारा.
६. तुमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र किती आहे ते वाचा. त्याचे सुमारे किती गुंठे होतील?

घरचा शब्द आणि शाळेचा शब्द

ताणलेले सूत — सरळ रेषा
गुण्याचा कोपरा — काटकोन
कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत — कर्ण
भोवतालची फेरी — परिमिती
आतली जागा — क्षेत्रफळ
खुंटीची दोरी — त्रिज्या
गोलाचे आरपार माप — व्यास
सारख्या अंतराच्या ओळी — समांतर रेषा